येडूचा ढोल

सोलापुरात कुंभारांच्या आळीत भिमा कुंभाराचं घर होतं. त्या घराच्या परसात, मडकी भाजायच्या आव्यापलीकडं, एका खणाच्या खोलीत त्याची थोरली भावजय चन्नम्मा राहायची. तिला कुणी छळत नव्हतं. दीर वैनी म्हणून मान देई, जाऊ महादेवी दोन्ही वेळची भाकरी न चुकता आणून ठेवी, सणासुदीला लुगडंही मिळे. फक्त तिच्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती. भिमा गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आधी चाकावर बसायचा आणि महादेवीच्या मागं पोरांचं लटांबर, वर बाजारात मडकी नेऊन विकायची. कधी चन्नम्मा कोपऱ्यावरच्या दुकानात मीठ आणायला जाई आणि तोंड उघडलं तर आवाजच फुटत नसे. घसा खाकरताना तिच्या ध्यानात येई, की परवापासून आपण एक शब्द बोललेलो नाही.

तिचा नवरा विरुपाक्ष मानमोडीच्या साथीत गेला. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्या साथीत आळीतलं एक घर सुटलं नव्हतं. चन्नम्मा स्वतः तापात पडून होती. शुद्ध आली तेव्हा भिमा उंबऱ्यात बसलेला दिसला. "दादा गेला, वैनी," तो म्हणाला, आणि उठून निघून गेला, कारण शेजारी अजून एक मढं उचलायचं होतं. विरुपाक्षाला कधी नेलं, कुणी खांदा दिला, जाताना तो काही बोलला का, हे चन्नम्मानं विचारलं नाही आणि आपण होऊन कुणी सांगितलं नाही. शेजारणीची दोन लेकरं त्याच आठवड्यात गेली होती. तिच्यापुढं जाऊन आपण काय रडायचं? मग रडायचं राहिलं ते राहिलंच. पुढं पुढं तिला वाटायला लागलं, की रडण्याचीही एक वेळ असते, ती टळली.

मूलबाळ झालं नव्हतं. विरुपाक्षामागं उरली होती ती त्याची एक हौस. गड्ड्याच्या जत्रेसाठी तो दरवर्षी मातीची वाद्यं करायचा. तळहातावर मावेल असा ढोल, संबळाची जोडी, सनई, वीतभर वीणा. भाजून गेरूनं रंगवायची आणि वर खडूची नक्षी काढायची. त्यातलं वाजत काही नसे. लोक ती देवळीत मांडून ठेवायला नेत. विरुपाक्ष चाकावर अंग उतरवून देई आणि त्यावरच्या दोऱ्या, कड्या, नक्षी चन्नम्मा करी. तो गेला आणि चाक भिमाकडं गेलं. कुंभाराच्या घरात बाई चाकावर बसत नाही. तेव्हा चन्नम्मानं मातीच्या वळ्या एकावर एक रचून, आतून दगडी गुंडा धरून, बाहेरून थापटण्यानं ठोकून वाद्यं घडवायला सुरुवात केली. ती जराशी वाकडी येत. पण जत्रेत खपत. चार-पाच दिवस का होईना, माणसं तिच्यासमोर बसून "हे काय, ते काय" विचारत. वर्षाचं बोलणं ती त्या दिवसांत बोलून घेई.

त्या वर्षी होम मैदानाच्या कडेला ती अशीच पोत्यावर माल मांडून बसली होती. एक म्हातारा धनगर समोर येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, डोक्याला तांबडा पटका, पायात जाड वहाणा. लोक येत होते, जात होते. हा हलेना. शेवटी तो उकिडवा बसला, एक इवलासा ढोल उचलला आणि नखानं त्यावर टिचकी मारली.

"ह्यो आमचा ढोल हाय," तो म्हणाला. "धनगरी."

"व्हय."

"दोऱ्या बरुबर घातल्यास. बाकीचे कायबी करत्यात. तू कुटं बघितलास?"

"माझं माहेर अक्कलकोटाकडचं हाय, मामा. लहानपणी बिरदेवाच्या जत्रंत बघितलेला."

म्हाताऱ्यानं मान हलवली. ढोल खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग विचारलं, "मोठा करशील का? खऱ्याएवढा?"

चन्नम्माला वाटलं, तो थट्टा करतोय. पण त्यानं दोन्ही हात पसरून माप दाखवलं, आणि हात तसेच धरून तो थांबला.

"मातीचा ढोल वाजायचा न्हाई, मामा."

"न्हाई वाजला तर न्हाई." त्यानं हात खाली घेतले. "माजा धाकटा भाऊ गेला. येडू. आमी दोगं जोडीनं वाजवायचो बिरदेवाम्होरं. आता माज्या बाजूची जागा मोकळी पडलीय. दुसरा कुणी हुबा ऱ्हायला तर माजा हात चालत न्हाई. तितं ठेवायला पायजे."

"कशानं गेले?"

"बोलन्यानं," म्हातारा म्हणाला आणि गर्दीकडं बघायला लागला.

चन्नम्मानं पुढं विचारलं नाही. शब्द जिव्हारी लागून विहीर जवळ केलेली माणसं तिनं ऐकली होती. भावाचं असं झालं असेल, तर त्यावर बोट ठेवायचं कशाला? ती म्हणाली, "करते."

म्हाताऱ्याचं नाव मायाप्पा. मंद्रूपचा. मोबदल्यात एक नवं घोंगडं आणि भाजायला लागतील तेवढ्या मेंढरांच्या लेंड्या द्यायच्या, असं ठरलं.

गड्ड्याची जत्रा उठली. पुढच्या बाजारच्या दिवशी मायाप्पा तट्टावर लेंड्यांची पोती लादून कुंभारांच्या आळीत आला. परसात पोती उतरवून तो आव्याच्या कडेला बसला आणि येडूचा ढोल कसा होता, ते सांगायला लागला. चन्नम्मा ऐकत ऐकत माती तुडवत होती.

"चार कड्या पितळी. पाचवी लोखंडी, गंज चढलेली. मूळची पडली तवा सांगोल्याच्या लोहाराकडनं घातलेली. आन हितं," त्यानं आपल्या बरगडीवर हात ठेवला, "हितं पोचा हाय. एडक्यानं ढुशी दिली हुती. मी म्हनलं, नवा करू. तर न्हाई म्हनला. म्हनला, मला पोचा लागला म्हंजे कळतंय ढोल माजाच हाय."

"हसायचे का वो?"

"कोन, येडू? ढोल गळ्यात पडला की त्याला हसू यायचं. का येतं म्हनून इचारलं तर सांगता यायचं न्हाई. आन वाजवायच्या दिवशी त्यो जेवायचा न्हाई. भरल्या पोटी हात जड हुतो म्हनायचा. मग राती माज्या ताटातली अर्दी भाकर खायचा."

अशी त्याची सांगायची तऱ्हा होती. एक सांगून झालं, की तो बराच वेळ गप्प बसे. त्या गप्प बसण्याचा चन्नम्माला भार वाटत नसे. पाणी देताना, गूळ देताना ती आपणही दोन गोष्टी सांगे. माहेरच्या विहिरीच्या, आईच्या. एकदा ती सांगता सांगता कानडीत शिरली आणि मायाप्पानंही कानडीतच उत्तर दिलं. मेंढरं घेऊन तो भीमेपलीकडं जायचा, तिकडची भाषा त्याला येत होती. ती हसली. महादेवी धुणं वाळत घालत होती, तिनं वळून बघितलं.

चन्नम्मा बाजारच्या दिवसाची वाट बघायला लागली. त्या दिवशी तिची झाडलोट लवकर होई. आपण वाट कशाची बघतो, हेही तिनं स्वतःला विचारून पाहिलं. मायाप्पा तिच्या बापाच्या वयाचा होता. तसलं काही नव्हतं. कुणीतरी येतं आणि एका माणसाबद्दल सांगतं. आता तिला येडू चांगलाच ओळखीचा झाला होता. उंच, दात पुढं, हसरा, उपाशीपोटी ढोल वाजवणारा. मायाप्पा यायचा नसे त्या दिवशी माती तुडवताना ती येडूबद्दलच विचार करी.

काम सोपं नव्हतं. एवढं मोठं अंग एकसंध उभं राहत नाही. तिनं दोन मोठ्या रांजणांसारखी दोन अर्धी केली आणि तोंडाला तोंड लावून सांधली. पहिला ढोल वाळताना सांध्यावर तडकला. तिनं तो भिजवून पुन्हा माती केली, जास्तीची लीद घातली, राख घातली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला ओल्या गोणपाटाखाली सावलीतच वाळवला. दोन्ही तोंडांवर चामड्याच्या जागी मातीची पानं थापून बसवली, वाफ जायला एका कडेला भोक ठेवलं. मातीच्या बारीक वळ्यांनी दोऱ्या ओढल्या, कड्या बसवल्या आणि त्यातली एक मुद्दाम खडबडीत केली.

उरला पोचा. माती अजून ओलसर होती. तिनं ढोल दोन्ही गुडघ्यांत धरला, आतल्या पोकळीचा अंदाज घेतला आणि मायाप्पानं दाखवलं होतं तिथं, ढोलाच्या बरगडीवर, कोपर टेकवून हळूहळू भार दिला. माती आत गेली, पण फाटली नाही. चन्नम्मानं कोपर काढलं नाही. तिचा गाल ढोलाच्या गार अंगाला टेकला होता आणि तिला रडू यायला लागलं. सुरुवातीला ती येडूसाठीच रडत होती. इतका हसरा माणूस आणि कुणाच्या तरी बोलण्यानं असा गेला. मग तिच्या कानावर आपलाच आवाज आला. ती पुटपुटत होती, "कधी नेलं तुमाला? कुणी नेलं? मला उठवलं का न्हाई?" दुपारची वेळ होती. भिमा आत झोपला होता, महादेवी बाजारात गेली होती, पोरं कुठं उंडारायला गेली होती. तिला कुणी ऐकलं नाही. ती पुष्कळ वेळ रडली आणि उठली, तेव्हा अंग हलकं झालं होतं, बाळंतपणातून सुटलेल्या बाईचं व्हावं तसं.

भाजायचं आलं तेव्हा भिमा म्हणाला, "वैनी, आव्यात एवढी जागा न्हाई. ह्या एकापायी माझे रांजण बाहेर ऱ्हातील."

परसाच्या कोपऱ्यात तिनंच खड्डा खणला. खाली लेंड्या, मध्ये ढोल, चहूबाजूंनी लेंड्या आणि कडबा, वर खापऱ्या. लेंडीची आग सावकाश चढते, एकदम भडकत नाही. दिवे लागायच्या वेळेला भिमा तिथं आला, वाकून धुराचा रंग बघितला, वाऱ्याच्या बाजूला दोन फुटक्या परातींचा आडोसा लावला आणि परत गेला.

ढोल चांगला निघाला. एका बाजूला धुरानं काळा डाग आला होता, तो तिनं तसाच ठेवला. गेरू लावला, खडूनं ठिपके काढले, कड्यांना हळदीचा पिवळा रंग दिला आणि लोखंडी कडी काजळीनं काळी केली. खोलीत ढोल ठेवला तर तिला अंथरूण दुमडून झोपावं लागे.

बाजारचा दिवस आला. मायाप्पा आला नाही. पुढच्या बाजारालाही आला नाही. मंद्रूपकडून येणाऱ्या गाड्यांवर तिनं विचारून बघितलं. "हाय की, बरा हाय," असं कुणी सांगे. चैत्र लागला. मायाप्पाचा पत्ता नव्हता.

मग एक दिवस गिरणीच्या कुणा साहेबाच्या बंगल्यावरचा खानसामा माठ न्यायला आला. परसात हात धुवायला गेला, तेव्हा उघड्या दारातून त्याला ढोल दिसला. तो भिमाला म्हणाला, "ये तो मेमसाब को बहोत पसंद आयेगा. ऊपर से काट देना. व्हरांड्यात झाड लावायला बेस."

भिमा चन्नम्माकडं आला. "वैनी, तो म्हातारा काय आता येत न्हाई. देऊन टाकू. जागा तरी मोकळी हुईल."

"दुसऱ्याचा हाय, भावजी."

"अवो, पण तो न्यायला येईना—"

"मयताचा हाय. त्याच्यात झाड लावायचं?"

भिमा चाकाकडं परत गेला. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे चन्नम्मानं दिराचं गाढव मागून घेतलं. पाठीवर भुश्शाचं पोतं अंथरलं, त्यावर ढोल आडवा ठेवून दोरखंडानं आवळला. भिमानं गाठी तपासल्या. "एकटी जाणार?" त्यानं विचारलं.

"रस्ता सरळ हाय की."

महादेवी दारात आली, भाकरीची चवड फडक्यात बांधून तिच्या हातात दिली आणि पोरगं रडायला लागलं म्हणून आत गेली.

विजापूरच्या रस्त्यानं ती चालत राहिली. हत्तूर मागं पडलं. ऊन चढलं. वाटेवरचे लोक थांबून ढोलाकडं बघत. एकानं विचारलं, "कुठल्या देवाचा गं?" ती म्हणाली, "देवाचा न्हाई, माणसाचा." वडकबाळला सीना नदी कोरडी पडली होती. नुसत्या डबक्यांतून पाणी होतं. वाळू उतरताना गाढवाचे पाय रुतले, तेव्हा तिनं ढोलाला पाठीनं आधार दिला. येडूच्या घरच्या माणसांशी काय बोलायचं, ते ती मनात जुळवत होती. त्याची बायको असेल. तिच्यापुढं ढोल उतरवायचा म्हणजे तिला पुन्हा सगळं आठवणार. आपल्याला कुणी असं काही आणून दिलं असतं तर, असं तिच्या मनात आलं.

मंद्रूपला पोचेपर्यंत दिवस कलायला लागला होता. गावाबाहेर धनगरांची घरं होती, मध्ये काट्यांची कुंपणं. एका अंगणात एक जाडजूड म्हातारी लोकर पिंजत बसली होती. गाढवावरचा ढोल बघून तिचे हात थांबले.

"मायाप्पामामाचं घर हेच का?"

"हेच. मी म्हाळसाबाई, त्येंची मालकीन. तू ती कुंभारीन का? सोलापूरची?" ती उठली. तिचा चेहरा उतरला होता. "आनलास का गं ह्यो हितं, बाई?"

"मामा आले न्हाईत म्हणून घिऊन आले. येडूमामांच्या घरच्यांना बघून बरं वाटंल असं..."

"येडूच्या घरच्यांना?" म्हाळसाबाईनं कुंपणापलीकडं बोट दाखवलं. "ते बघ येडूचं घर. आन त्यो बघ येडू."

कुंपणापलीकडच्या अंगणात लिंबाखाली बाजेवर एक माणूस चिलीम ओढत बसला होता. उंच. दात पुढं. आवाज ऐकून तो उठून बघायला लागला होता.

चन्नम्माच्या हातातून गाढवाची दोरी सुटली. गाढव तिथंच उभं राहिलं.

म्हाळसाबाईनं तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. मेंढरांच्या वाटणीवरून दोघा भावांत वाजलं होतं. भर पंचांसमोर येडू नको ते बोलला, मायाप्पाही बोलला. तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मध्ये हे कुंपण घातलं. येडूनं जत्रेत ढोल वाजवणं सोडलं. मायाप्पाला वाजवता येईना. "मला ठावंच न्हवतं ह्येंनी तुज्याकडं काय करायला टाकलंय. सांगितलं तवा मी म्हनलं, जित्या मानसाच्या जागंला मातीचा ढोल ठेवताय, तुमचं डोस्कं ठिकानावर हाय का? मग भ्याले. आन तुला कुटल्या तोंडानं सांगायचं, म्हनून बाजाराला जायचंच टाकलं."

मायाप्पा आतून बाहेर आला. हातात लोकर कातायची चाती होती. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि चातीकडं बघत राहिला.

"मामा," चन्नम्मा म्हणाली, "तुमी येडूमामा गेला म्हणालात."

"गेलाच की." त्याचा आवाज बारीक झाला होता. "माज्यासाटी गेलाच हाय त्यो."

"मी रडले त्यांच्यासाठी."

मायाप्पानं वर बघितलं. ती रागावली असेल असं त्याला वाटलं असावं. पण तिचा आवाज चढला नव्हता. ती सांगत होती, तो ऐकत होता, जसं परसात बसून तो सांगायचा आणि ती ऐकायची.

"माझा मालक गेलाय, मामा. त्याला गेला म्हणत्यात. तो पलीकडं चिलीम वढताना दिसत न्हाई. खोकला आला तर ऐकू येत न्हाई. तुमाला त्यांचा खोकला ऐकू येतो का न्हाई?"

"येतो," मायाप्पा म्हणाला. "रोज येतो."

एव्हाना आजूबाजूची बाया-माणसं जमली होती. दोघा-तिघांनी ढोल उतरवून कुंपणाच्या कडेला ठेवला. येडू आपल्या अंगणातून कुंपणाशी आला. काट्यांवरून वाकून तो बघत राहिला. त्याचा हात पुढं आला आणि थेट पोच्यावर गेला. तिथं तो बोटं फिरवत राहिला. मग कड्या बघितल्या. काळी कडी बघितली.

"कुनी केला ह्यो?" त्यानं विचारलं.

"मी," चन्नम्मा म्हणाली.

"माजाच हाय." एका कडीवर बोट ठेवून तो म्हणाला, "पर गळ्यातल्या पट्ट्याची कडी उलट्या अंगाला घातलीयास. मी डावखुरा हाय."

चन्नम्मा काही म्हणायच्या आत भिंतीपाशी बसलेला मायाप्पा बोलला. त्यानं तोंड म्हाळसाबाईकडं केलं होतं. "सांग त्याला, तिची चूक न्हाई. सांगायचं माज्या ध्यानातनं गेलं."

येडूही चन्नम्माकडंच बघून म्हणाला, "त्यांला सांग, माज्या डाव्या हाताचं दांडकं उभी हयात त्यांच्या कोपराला लागायचं. ध्यानातनं जाईलच कसं?"

"सांग त्याला, म्हातारपनी जातं."

कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. येडू आणखी थोडा वेळ ढोलापाशी थांबला आणि मग बाजेकडं परत गेला. त्याची चिलीम विझली होती, ती तो पेटवत बसला. मायाप्पा चाती फिरवायला लागला. ढोल आत न्या असं इकडच्या कुणी म्हटलं नाही, तिकडच्याही नाही. तो कुंपणाशी होता तिथंच राहिला.

रात्रीपुरतं म्हाळसाबाईनं तिला ठेवून घेतलं. सकाळी निघताना मायाप्पानं नवं घोंगडं आणून गाढवाच्या पाठीवर टाकलं. तो काहीतरी बोलेल म्हणून ती जरा थांबली. तो म्हणाला, "ऊन व्हायच्या आत नदी वलांड." तेवढंच. तिनं मान हलवली.

परतीच्या वाटेनं गाढव हलकं होतं, भराभर चालत होतं. चन्नम्मा मागं पडत होती. येडू जिवंत आहे याचा तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही होता. त्या दाताळ तोंडावर हसू कसं दिसत असेल ते बघायचं राहिलं, एवढंच. पण वाळू तुडवताना तिला कळून चुकलं, की आपल्याला त्या दोघांचा हेवा वाटतोय. त्यांनी अबोला धरला होता, पण तो एकमेकांशी धरला होता. रोज सकाळी उठून दोघं जण ठरवून एकमेकांशी बोलत नव्हते. आपल्याशी न बोलायचं असं कुणी ठरवलेलं नाही. सीनेच्या पात्रात एका डबक्याशी ती बसली, पाय धुतले. मग मोठ्यानं म्हणाली, "मी चन्नम्मा, विरुपाक्षाची बायको." नवऱ्याचं नाव तिनं उखाण्यातसुद्धा कधी धड घेतलं नव्हतं. गाढवानं कान हलवले. नदीत दुसरं कुणी नव्हतं.

दुपार टळल्यावर ती घरी पोचली. महादेवी चुलीपुढं होती.

"दिला का वो, अक्का?"

"दिला."

"रडले असतील बिचारे."

"त्यो जिता हाय, महादेवी," चन्नम्मा म्हणाली. महादेवी हातातली भाकरी तव्यावर टाकता टाकता थांबली, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "अगबाई, मग?" चन्नम्मा उंबऱ्यात बसून सांगायला लागली. कुंपणापर्यंत आली आणि बाहेर भिमानं हाक मारली, माठ न्यायला गिऱ्हाईक आलं होतं. "आले हां, थांबा, मला सगळं ऐकायचंय," असं म्हणून महादेवी गेली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती चन्नम्मानं उलटली, उरलेल्या पिठाच्याही थापून टाकल्या. महादेवी आली ती पोराला कडेवर घेऊनच. त्याला ताप भरला होता. मग ती गोष्ट तशीच राहिली.

मंद्रूपची बातमी तिला कळली ती पुढच्या गड्ड्यात. म्हाळसाबाई सुनेबरोबर जत्रेला आली होती. होम मैदानावर शोधत शोधत ती चन्नम्माच्या पोत्यापाशी येऊन बसली. भाऊ अजून बोलत नव्हते. पण यंदा बिरदेवाच्या जत्रेत येडू आपला ढोल घेऊन आला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. मायाप्पा या टोकाला. दोघांनी वाजवलं. मधे एवढी माणसं असून एकाचा हात दुसऱ्याच्या मागं पडला नाही. मातीचा ढोल कुंपणाशीच आहे. पावसात त्याचा गेरू धुऊन गेला, तर एका सकाळी कुणीतरी नवा लावलेला दिसला. कुणी लावला, ते दोन्ही घरांत कुणी विचारलं नाही.

"त्येंचं बोलनं व्हईल का गं?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"व्हईल की," चन्नम्मा म्हणाली. तिला तसं खरंच वाटत होतं.

म्हाळसाबाईनं मातीची एक सनई निवडली, पुसून ओच्यात घातली. उठता उठता तिनं विचारलं, "आन तुजं गं? तुला कोन हाय?"

"दीर हाय, जाऊ हाय. पोरं हायत त्यांची."

"तसं न्हवं."

चन्नम्मा हसली आणि म्हणाली, "बसा की अजून जरा. घाई काय हाय?"

म्हाळसाबाई बसली. पण सून खोळंबली होती, गाडीतली बाकीची माणसं हाका मारत होती. थोड्या वेळानं तिला उठावंच लागलं. गर्दीत तिचं लुगडं दिसेनासं होईपर्यंत चन्नम्मा बघत राहिली. मग तिनं धुळीनं माखलेल्या वीणा आणि टिमक्या एक एक उचलून पदरानं पुसल्या आणि पुन्हा पोत्यावर मांडल्या. संध्याकाळ झाली होती, दिवे लागत होते, आणि गिऱ्हाईक यायची ही खरी वेळ होती.